पावसाशी घरोबा

"तिकडं पडतोय का?"

जून अर्ध्यावर आला की आमच्या घोळक्यात हा एकच प्रश्न फिरायला लागतो. तिकडं म्हणजे घाटमाथ्यावर. डोंबिवलीत पाणी तुंबलं, लोकल ठप्प झाल्या तर त्याच पावसाला आम्ही शिव्या घालतो. पण राजूर-भंडारदऱ्याकडं झड लागली आहे असं कळलं की माळ्यावरची सॅक खाली येते, बुटांना हवा दिली जाते आणि रात्रीच्या शेवटच्या कसारा लोकलमध्ये कोण कुठून चढणार याची बोलणी सुरू होतात.

बाकीच्या जगात डोंगर चढणारी माणसं हवा चांगली व्हायची वाट बघतात. एव्हरेस्टच्या पायथ्याशी लोक आठवडेच्या आठवडे तंबूत बसून असतात. मे महिन्यात माथ्यावरचा जेट वारा चार दिवस बाजूला सरकला की निघायचं, नाहीतर नाही. आम्ही सह्याद्रीवाले बरोबर उफराटे. निळं, कोरडं आभाळ दिसलं की आमचे चेहरे पडतात. "छे, पाऊसच नाही, कशाला जायचं?" आमच्या लेखी खराब हवा म्हणजे एप्रिलचं ऊन. तापलेला कातळ, तळाला गेलेली टाकी, सावलीला एक झुडूप नाही. त्यामानाने पाऊस म्हणजे आपला माणूस. लहानपणापासून दारात येणारा.

मीही याच जमातीतली. पंचवीसेक पावसाळे झाले. आणि ज्याच्याशी घरोबा असतो त्याची भीती वाटत नाही, वाटायला हवी तिथंही वाटत नाही, हे मला जरा उशिराच कळलं.

ऑगस्टमधला हरिश्चंद्रगड. पाचनईहून चढणारी वाट सोपी, दोन-अडीच तासांची. आम्ही आठ जण होतो. वर पोचलो तेव्हा मंदिराचा कळस धुक्यात अर्धा बुडालेला. तिथून कोकणकडा अर्ध्या तासावर. कड्यावर जाऊन काय दिसणार होतं? काहीही नाही. पांढरी भिंत. पण एवढ्या लांब येऊन कड्याला पाय लावल्याशिवाय परतायचं कसं? शिवाय धुकं क्षणभर फाटतं आणि इंद्रवज्र दिसतं, ही आशा प्रत्येकाच्या डोक्यात असतेच. एकोणिसाव्या शतकात कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला इथंच ते गोल इंद्रधनुष्य दिसलं होतं, त्यात स्वतःची सावली होती. तेव्हापासून आपण सगळे त्या एका भाग्यवान माणसाच्या रांगेत उभे आहोत.

परतताना वाट चुकली. पठारावर धुकं उतरलं की सगळ्या ढोरवाटा सारख्याच दिसतात, प्रत्येक ओढा मघाचाच वाटतो. पाऊस आडवा लागत होता. खालून कोकणातून चढणारा वारा कड्यावरून उसळून थेट अंगावर येत होता. अर्ध्या तासाच्या वाटेला आम्हाला तीन तास लागले.

आमच्यात एक पैलवान होता. नाव सांगत नाही. सगळ्यात दणकट, सगळ्यात जास्त ओझं उचलणारा, तोंडाची टकळी अखंड चालू. त्याने आपला रेनकोट एका नवख्या मुलीला देऊन टाकला होता. अंगात सुती टी-शर्ट आणि जीन्स. "भिजायलाच तर आलोय!" दुसऱ्या तासाला त्याची टकळी बंद झाली. आम्हाला जरा बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू. मग तो ठेचकाळू लागला. मग "पाच मिनिटं बसू" म्हणाला. बोलताना जीभ जड झालेली, दारू प्यायल्यासारखी. पुढे त्याची हुडहुडी थांबली. आम्हाला वाटलं, सावरला. आणि मग त्याने टी-शर्टच काढायला घेतला. "उकडतंय रे," म्हणाला.

आम्ही हसलो. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे. आम्ही सात जण, बहुतेक बरीच वर्षं डोंगर हिंडलेले, त्याला हसलो.

मंदिराजवळ पाचनईच्या एका मामांनी ताडपत्रीचं झाप घातलं होतं. पावसाळाभर ते आणि मामी तिथं पिठलं-भाकरी, चहा देतात. आम्ही कसेबसे तिथं पोचलो. मामांनी त्याच्याकडे एकदा बघितलं आणि हातातली चहाची किटली खाली ठेवली. ओले कपडे उतरवले. डोकं पुसलं. कोरड्या पोत्यावर बसवून दोन घोंगड्या गुंडाळल्या. चुलीच्या अगदी पुढ्यात नेलं नाही, जरा अंतरावर ठेवलं. मग भरपूर साखरेचा कोरा चहा, घोट घोट. आमच्यातल्या एका हुशाराने सॅकमधून रमची बाटली काढली. मामांनी त्याचा हात बाजूला केला. "ही नको. ही वरवर तापवती."

घरी आल्यावर मी वाचत बसले. मामांचं म्हणणं अक्षरशः खरं निघालं. दारूने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्त वर येतं, ऊब वाटते आणि पोटातली उष्णता भराभर बाहेर जाते. शरीराचं तापमान एरवी ३७ अंशांच्या आसपास असतं. ते ३५ च्या खाली गेलं की त्याला हायपोथर्मिया म्हणतात. आधी माणूस काकडतो, मग अडखळतो, बोलणं लडबडतं, डोकं चालत नाही. त्याहून खाली गेलं की काकडणंच थांबतं, कारण काकडायलासुद्धा इंधन लागतं आणि ते संपलेलं असतं. शेवटी शेवटी काहींना उकडल्यासारखं वाटतं आणि ते कपडे काढतात. बर्फात सापडलेल्या काही मृतदेहांच्या अंगावर कपडे नसतात ते यामुळे.

आणि हे सगळं १७-१८ अंशांत झालं होतं. तेवढ्यावर लोक एसी लावून झोपतात. बर्फाचा कण नव्हता. पण पाणी हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगाने अंगातली ऊब ओढून नेतं, त्यात वारा. सुती कपडा ते पाणी धरून ठेवतो आणि लोकर भिजली तरी थोडी ऊब राखते. पिढ्यान् पिढ्या भरपावसात गुरं राखणारा माणूस खांद्यावर घोंगडी का टाकतो, हे मला चाळिशी ओलांडल्यावर समजलं. तोवर मी ते लोकजीवन म्हणून कौतुकाने फोटोत घेत होते.

पैलवान वाचला. संध्याकाळी सहाला त्याने तीन भाकऱ्या खाल्ल्या आणि आम्हाला शिव्या दिल्या, तेव्हा मामींनी पदराने डोळे टिपले. त्याच गडावर धुक्यात वाट चुकून, गारठून माणसं गेल्याच्या बातम्या पुढे वाचल्या, तेव्हा प्रत्येक वेळी मला ते हसणं ऐकू आलं.

विजेची गोष्ट वेगळी. तिला घरोबा चालत नाही, पण आपण तिलाही पावसाचीच धाकटी बहीण समजतो.

मेअखेरचा रविवार, कळसूबाई. १६४६ मीटर, महाराष्ट्राचं सर्वांत उंच टोक. बारी गावातून चढताना वाटेत लोखंडी शिड्या आहेत, कठडे आहेत, साखळ्या आहेत. सोय म्हणून बसवलेल्या, आणि एरवी सोयीच्याच. आम्ही उशिरा निघालो होतो. उकाडा असा की घाम डोळ्यांत जात होता. आभाळ डोक्यावर स्वच्छ, फक्त पूर्वेला ढगांची एक फुलकोबी वाढत होती. वळिवाचा ढग असाच असतो. सकाळी नसतोच. ऊन चढलं, जमीन तापली, ओली हवा डोंगराच्या अंगाने वर सरकली की दुपारनंतर तासा-दीड तासात तो उभा राहतो.

वाटेवर ताक-सरबताच्या टपऱ्या असतात. एका टपरीवरच्या मावशी सामान आवरत होत्या. दुपारचा एक वाजलेला. रविवार. खालून गिऱ्हाइकांची रांग वर येत होती, आणि ह्या बाई निळी ताडपत्री घडी करत होत्या. मी ताक मागितलं. त्यांनी दिलं, पैसे घेतले आणि म्हणाल्या, "आता शिडीला हात लावू नका, ताई." एवढंच. पुढे समजावणं नाही, हवामानाचं व्याख्यान नाही.

आम्ही मागे फिरलो असं लिहायला मला आवडलं असतं. आम्ही पाऊण तास आणखी चढलो. पहिला गडगडाट झाला तेव्हा मी शिडीच्या मधोमध होते. वीज दिसल्यापासून आवाज येईपर्यंतचे सेकंद मोजायचे आणि तिनाने भागायचं, म्हणजे किलोमीटर, हे शाळेत शिकले होते. पुढच्या वेळी मी मोजले. चार. म्हणजे सव्वा किलोमीटर. दोन्ही हात लोखंडावर. मनगटावरची लव उभी राहिली होती, ती भीतीने की आणखी कशाने, मला सांगता येणार नाही.

उतरून आम्ही एका कातळाच्या कपारीत शिरलो, तेही चूकच. उथळ कपारीच्या तोंडाशी उभं राहणं धोक्याचं, वीज कातळावरून सरकताना त्या फटीतून उडी घेऊ शकते. धारेवरून खाली सरायचं, एकट्या झाडापासून आणि लोखंडापासून दूर, एकमेकांत अंतर ठेवून, पावलं जुळवून उकिडवं बसायचं. हे आज माहीत आहे. त्या दिवशी आम्ही आठही जण एकमेकांना चिकटून उभे होतो. वीज आमच्यावर पडली असती तर सांगायला एकही उरला नसता. आपल्या देशात विजेने दरवर्षी दोन हजारांहून जास्त माणसं मरतात, बहुतेक शेतात राबणारी. त्यांना पर्याय नसतो. आम्ही तिथं तिकीट काढून, डबा बांधून गेलो होतो.

आता पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं 'दामिनी' ॲप फोनवर असतं. वीस-चाळीस किलोमीटरांत विजा होत असल्या की सांगतं. उपयोगी आहे. पण डोंगरात रेंज असेल तर, आणि मावशींइतकं वेळेवर बहुधा नाही.

या शिदोरीवर आम्ही हिमालयात गेलो. सह्याद्रीतला माणूस हिमालयात जातो तेव्हा उंचीला घाबरतो, विरळ हवेला घाबरतो, पावसाला घाबरत नाही. आमच्या बेतातही तसंच होतं. विरळ हवेच्या गोळ्या बरोबर होत्या, कोरड्या कपड्यांचा जादा जोड निम्म्यांकडेही नव्हता.

हम्पटा खिंड, ४२७० मीटर. अलीकडे हिरवंगार कुलू, पलीकडे उघडाबोडका लाहौल. सप्टेंबरचा तिसरा आठवडा. बालू का घेरा नावाच्या मुक्कामी तंबू लागले होते. नदीच्या वाळूचं मोकळं मैदान, बाजूला हिमाचे ओघळ. दुसऱ्या दिवशी खिंड चढायची. दुपारी वरून मेंढरांचा एक कळप उतरत आला. गद्दी मेंढपाळ, अंगात लोकरीचा चोळा, कमरेला दोर. थांबले नाहीत. आमचा गाइड त्यांच्याशी दोन वाक्यं बोलला आणि बराच वेळ त्यांच्या पाठीकडे बघत राहिला. "ये लोग दस दिन बाद उतरते हैं," एवढंच म्हणाला.

रात्री वारा पडला. पहाटे माझ्या मैत्रिणीने हातावरचं घड्याळ दाखवलं. ते हवेच्या दाबावरून उंची सांगतं. "अगं, झोपल्या झोपल्या आपण साठ मीटर चढलो!" आम्ही खिदळलो. गाइडने घड्याळ हातात घेतलं आणि तो हसला नाही. तंबू जागचा हलला नव्हता. दाब उतरला होता, म्हणून घड्याळाला वाटलं आपण वर गेलो. पहाटे पाचला त्याने सांगितलं, खिंड नाही, खाली उतरायचं.

आभाळात चांदण्या होत्या. स्वच्छ, लखलखीत.

जे बोलणं झालं ते लिहिताना आजही लाज वाटते. कुणी म्हणालं, आम्ही पावसातली माणसं आहोत, आम्हाला पाऊस नका दाखवू. हे मीच म्हणाले होते. कुणी पैसे परत मागितले. कुणी परतीच्या विमानाचं, कुणी रजेचं सांगितलं. गाइड ऐकत राहिला. त्याचं नुकसान आमच्याहून मोठं होतं, हे तेव्हा लक्षात आलं नाही. चिडलेला घोळका खाली जाऊन वाईट बोलणार, पुढची गिऱ्हाइकं तुटणार, आणि खेचरवाल्यांना मजुरी दिवसांवर मिळते. आम्ही दोन दिवस आधी उतरलो म्हणजे त्यांचे दोन दिवस बुडाले.

उतरलो. मनालीत दुपारी पाऊस लागला, डोंगर ढगात गेले. खिंडीत त्या दिवशी नेमकं काय झालं? हिम पडलं, की थोडं भुरभुरून आभाळ मोकळं झालं? आम्हाला कळलं नाही. कळायला कुणी वर नव्हतंच.

२०१४ च्या ऑक्टोबरात नेपाळमध्ये मात्र सगळं कळलं. बंगालच्या उपसागरात एक चक्रीवादळ उठलं. ओमानने दिलेलं नाव, हुदहुद, त्या तुरेवाल्या पक्ष्याचं. आपल्या वर्तमानपत्रांनी त्याचं 'हुडहुड' केलं आणि मराठी कानाला ते ऐकूनच हुडहुडी भरली. १२ ऑक्टोबरला ते विशाखापट्टणमला धडकलं. आंध्रच्या किनाऱ्यावरून लाखो लोक आधीच हलवले होते. जमिनीवर आल्यावर वादळ दमतं, तसं हेही दमलं आणि बातमीतून उतरलं. पण उरलेलं बाष्प घेऊन ते उत्तरेकडे चालत राहिलं, हिमालयाला जाऊन टेकलं. १४ तारखेला अन्नपूर्णा परिसरात, ५४१६ मीटरवरच्या थोरंग ला खिंडीच्या दोन्ही बाजूंनी अतोनात हिम कोसळलं. ऑक्टोबर म्हणजे तिथला हुकमी हंगाम, पावसाळा सरलेला, आभाळ धुतलेलं. वाट माणसांनी फुलली होती. परदेशी, नेपाळी, भारतीय, वाटाडे, हमाल, याक राखणारे असे किमान ४३ जण गेले. काही हिमप्रपातात, काही उघड्यावर गारठून.

मला त्यातलं अंतर डाचत राहतं. समुद्रावरून निघालेला पाऊस दोन दिवसांत हजाराहून जास्त किलोमीटर चालून गेला. वादळ सगळ्यांना माहीत होतं. ते कुठं निघालंय हेही हवामानवाल्यांना दिसत होतं. फक्त खिंडीखालच्या चहाच्या खोपटात बसलेल्या माणसाला कुणी सांगितलं नाही. आणि तो आपलाच पाऊस होता, कोळ्यांना ओळखीचा, भाताला लागणारा. दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश हवा थंड होत जाते. किनाऱ्यावर जे थेंब म्हणून पडतं, ते तिथं कंबरभर हिम होतं.

२०२४ च्या जूनच्या सुरुवातीला उत्तरकाशीजवळ सहस्रतालच्या वाटेवर २२ जणांच्या तुकडीतले नऊ जण खराब हवेत सापडून गेले, तेव्हा आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन दिवस चर्चा झाली. तिसऱ्या दिवशी कुणीतरी विचारलं, "तिकडं पडतोय का?"

हे सगळं चढणाऱ्याच्या बाजूने झालं. डोंगरात राहणाऱ्यांची बाजू मला इर्शाळवाडीने दाखवली, आणि तिच्याबद्दल लिहिताना हात अजून अडखळतो.

इर्शाळगडाला जाताना चौक गावाकडून चढून गेलं की तासाभराने वाडी लागायची. ठाकर आदिवासींची घरं, सारवलेली अंगणं. गाडीरस्ता नाही. आम्ही तिथं किती वेळा पाणी प्यायलो, चहा घेतला, वर जाणारी नीट वाट विचारली. १९ जुलै २०२३ च्या रात्री, दिवसच्या दिवस कोसळणाऱ्या पावसात, वरचा डोंगर खाली आला. ज्या पावसासाठी आम्ही कॅलेंडरवर गोल करून ठेवतो, तोच. यंत्रं वर चढवता येईनात. गडावर जाऊन वाट पायाखाली असलेली ट्रेकर पोरं रात्रीच मदतीला चढली. चार दिवसांनी शोध थांबवला तेव्हा २७ मृतदेह सापडले होते आणि ५७ माणसं बेपत्ता होती. धोक्याच्या गावांच्या सरकारी यादीत या वाडीचं नाव नव्हतं. माळीणला २०१४ मध्ये असंच झालं होतं, तळियेला २०२१ मध्ये. जुलै, जुलै, जुलै.

त्यानंतरच्या पावसाळ्यात आम्ही कुठेच गेलो नाही. ठरवून असं नाही. फोनच वाजला नाही.

पुढे हळूहळू पुन्हा जायला लागलो. सॅकमध्ये आता कोरड्या कपड्यांचा एक जोड दुहेरी प्लास्टिकमध्ये बांधलेला असतो, लोकरीची टोपी असते, चपटा स्टोव्ह आणि साखर असते. दुपारी बारानंतर धारेवर राहायचं नाही. आणि जेवण सांगितलं असेल तर गेलो नाही तरी त्याचे पैसे पाठवायचे. यावर आमच्यात वाद झाला होता. पैलवान म्हणाला, माणसाने खरं सांगावं असं वाटत असेल तर खरं सांगून त्याची चूल विझायला नको. वाद तिथं संपला.

निघण्याआधी मी पाचनईला मामांना फोन करते. मामा 'येऊ नका' असं कधीच म्हणत नाहीत. गावाकडं पाहुण्याला तसं म्हणत नाहीत, आणि पावसाळ्याचे तीन महिने तर त्यांच्या वर्षाची कमाई. हवा बरी असली की माझं वाक्य संपायच्या आत विचारतात, "कितीजण? भाकऱ्या किती टाकू?"

गेल्या जुलैत फोन केला. "मामा, पाऊस कसाय?"

"हाय की."

"शनिवारी येऊ म्हणतोय."

"या की."

मी थांबले. पलीकडे पत्र्यावर पाऊस वाजत होता, मामी कुणावर तरी ओरडत होत्या, गाय हंबरली. मामा काही विचारतील म्हणून मी वाट बघत राहिले. त्यांनी विचारलं नाही.

"नाहीतर असं करू का मामा, पुढच्या महिन्यात बघतो."

"बघा. तसंच करा." आवाज मोकळा झाला. "मग किती जण म्हणालात, ताई?"